मागणीचा माग



चैत्र सरत आला आहे. रामनवमीच्या यात्रेची गर्दी ओसरली, तांडे आपापल्या वाटेने परतले, आणि पोहरादेवीच्या या माळावर आता ऊन आणि आपण एवढेच उरलो आहोत. अशा वेळी वसंतातील व्याख्यानासाठी वक्त्याने संतचरित्र घ्यावे, इतिहास घ्यावा, निदान शेतीचा प्रश्न घ्यावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. आम्ही मात्र सॉफ्टवेअर घडविण्याच्या शास्त्रातील एक रुक्ष प्रकरण घेऊन उभे आहोत. संगणकाची यंत्रणा कोणत्या गरजेसाठी बांधली आणि त्या गरजेचे पुढे काय झाले, याचा माग कसा ठेवावा, आणि कार्यपद्धतीची जी जागतिक मानके आहेत ती याविषयी काय सांगतात, असा हा विषय आहे. पोहरादेवीला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणाच्या मनात आले असेल तर आम्ही इतकेच म्हणू की शेवटपर्यंत ऐकावे आणि मग निवाडा द्यावा.

प्रथम शब्दाचा विचार करू. माग हा आपला जुना शब्द आहे. जुन्या गावगाड्यात चोरी झाली की माग काढणारा जाणता माणूस पावलांच्या खुणा पाहत निघे. खुणा शेजारच्या गावाच्या शिवेत गेल्या की त्या गावच्या लोकांना बोलावून माग त्यांच्या हवाली केला जाई. त्यांनी तो पुढच्या शिवेपर्यंत दाखवून द्यावा. न दाखविता आला तर चोरीची भरपाई त्या गावावर येई. या व्यवस्थेत एक शहाणपण होते. माग गावाच्या मध्यभागी सहसा हरवत नाही. तो हरवतो शिवेवर, जिथे एकाची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. म्हणून आपल्या पूर्वजांनी जबाबदारी शिवेवरच बांधली. आजच्या व्याख्यानातले हे सूत्र आपण गाठीला बांधून ठेवावे.

दुसरे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या पेटीत आहे. ते म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते आणि त्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. हा आकडा धरून आपण गाव नमुना ६ ची फेरफार नोंदवही उघडली की हे नाव इथे का आले ते कळते : खरेदीने आले, वारसाने आले, वाटणीने आले की न्यायालयाच्या हुकमाने आले. आपल्या वऱ्हाडात ज्याला लोक अजून पटवारीच म्हणतात, तो ग्राम महसूल अधिकारी नोंद घालतो, संबंधितांना नोटीस देतो, आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये ही रीत सांगितली आहे. आणखी एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. जुने नाव खोडून टाकीत नाहीत, त्याला कंस करतात. म्हणजे जे होते ते वाचता येते, ते का गेले तेही वाचता येते. सातबारा हा केवळ हक्काचा कागद नव्हे, तो कारणे दाखविणारा कागद आहे. उलट बाजूनेही पाहता येते : एखादा फेरफार मंजूर झाला तर तो कोणत्या गटाच्या उताऱ्यावर चढला, तेही तपासता येते. मागे जाता येणे आणि पुढे जाता येणे, या दोन्ही दिशा जिथे मोकळ्या आहेत तिथे माग शाबूत आहे असे समजावे.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणकाची यंत्रणा कशी घडते? आधी कोणीतरी सांगतो की आम्हांला असे असे हवे आहे. ते ऐकून गरजांचा लेख तयार होतो. त्या लेखावरून रचनेचा आराखडा होतो, आराखड्यावरून आज्ञावली लिहिली जाते, आज्ञावलीची चाचणी होते, आणि मग ती लोकांच्या हाती जाते. मागणी, लेख, आराखडा, आज्ञावली, चाचणी : या पाच गावांच्या पाच शिवा झाल्या. प्रत्येक गावात निराळी माणसे राबतात. ज्याने मागणी ऐकली तो आज्ञावली लिहीत नाही. जो लिहितो त्याने मागणी करणाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते. म्हणून लेखातील प्रत्येक गरजेला क्रमांक द्यावा, तो क्रमांक आराखड्यात, आज्ञावलीत आणि चाचणीत सोबत न्यावा, आणि कोणत्याही टोकाला धरून दुसऱ्या टोकापर्यंत जाता यावे, अशी या शास्त्राची शिकवण आहे. क्रमांकांचा जो तक्ता करतात त्यात एका बाजूला गरजा आणि दुसऱ्या बाजूला चाचण्या मांडलेल्या असतात. रिकामी ओळ दिसली की समजावे, कोणीतरी मागितले ते केलेच नाही. रिकामा रकाना दिसला की समजावे, कोणीही न मागितलेले काहीतरी आपण करून बसलो आहोत. हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा धोक्याचा असतो, ते पुढे येईलच.

हा विचार आजचा नाही. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे जी परिषद भरली आणि जिच्यामुळे सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हे नाव रूढ झाले, तिथेच यंत्रणेच्या अंगावर तिच्या घडणीच्या खुणा राहिल्या पाहिजेत असा विचार मांडला गेला होता. १९८४ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने गरजांच्या लेखाचे मानक काढले, त्याचा क्रमांक ८३०. चांगल्या लेखाची जी लक्षणे त्यात सांगितली आहेत, त्यांत माग काढता येणे हे एक लक्षण आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २१६७-ए या मानकाने आपल्या पुरवठादारांना असा माग ठेवणे भागच पाडले.

त्याच सुमारास एक निराळा प्रवाह सुरू झाला. १९८७ मध्ये लिओन ऑस्टरवाइल या संशोधकाने असे प्रतिपादन केले की सॉफ्टवेअर घडविण्याची कार्यपद्धती ही स्वतःच एक प्रकारचे सॉफ्टवेअर आहे. तिचीही नीट मांडणी करता येते, तीही तपासता आणि सुधारता येते. यातून कार्यपद्धतीचा नमुना मांडण्याचे शास्त्र निघाले. घर बांधण्याच्या आधी घराचा नकाशा काढतात, तसा काम करण्याच्या आधी कामाचा नकाशा काढायचा. कोण करील, काय करील, त्यातून कोणता ऐवज निपजेल. या तीन प्रश्नांभोवती त्या नकाशाची सारी भाषा फिरते. ‘स्पेम’ या नावाने ओळखले जाणारे मानक २००२ मध्ये आले, त्याची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये. जागतिक मानक संघटनेचे २४७४४ क्रमांकाचे मानक २००७ चे. सॉफ्टवेअरच्या सबंध आयुष्यातील कामांची यादी देणारे १२२०७ हे त्याहून जुने, १९९५ चे. २००८ आणि २०१७ साली ते नव्याने लिहिले गेले. आपल्या महाराष्ट्राचाही या क्षेत्राशी संबंध आहे. पुण्यात १९८१ मध्ये टाटांनी जे संशोधन केंद्र स्थापिले, तिथे नमुन्यावरून आज्ञावली निपजविण्याचे काम वर्षानुवर्षे झाले. एका नमुन्यातून दुसरा नमुना काढायचा तर कशातून काय निघाले याची नोंद ठेवणे, म्हणजे माग ठेवणे, हे तर त्या कामाचे अंगच आहे.

मग प्रश्न असा की, एवढी मानके असताना माग हरवतो कसा?

याचे पहिले कारण मानकांच्या घडणीतच आहे. कार्यपद्धतीचा नकाशा ऐवजांच्या जातींविषयी बोलतो, एकेका ऐवजाविषयी नाही. ‘गरजांच्या लेखावरून आराखडा करावा’ असे तो सांगतो. पण सतराव्या गरजेचे आराखड्यात नेमके कुठे काय झाले, हे तो सांगत नाही, सांगूही शकत नाही. फेरफार कसा नोंदवावा हे संहितेत असते, पण आपल्या गटाचा फेरफार संहितेत शोधून सापडणार नाही. तो गावच्या नोंदवहीतच पाहावा लागतो. ‘स्पेम’मध्ये एक ऐवज दुसऱ्यावर अवलंबून आहे असे दाखविता येते, परंतु सबंध लेख सबंध आराखड्यावर बांधला जातो. हे म्हणजे चोराची पावले शेजारच्या तालुक्यात गेली असे सांगण्यासारखे आहे. २४७४४ हे मानक या बाबतीत अधिक सावध आहे. पद्धत सांगणारी पातळी आणि प्रत्यक्ष काम होते ती पातळी अशा दोन्ही त्यात एकत्र मांडल्या आहेत, आणि ऐवजाच्या आतील लहान घटकांनाही त्यात जागा आहे. पण जागा असणे निराळे आणि ती भरणे निराळे. कोरा नमुना ६ छापून ठेवला म्हणून फेरफार होत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. १९९४ मध्ये ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाइन या दोघांनी या प्रश्नाचा मोठा मार्मिक विचार केला. त्यांनी मागाचे दोन भाग पाडले. एक, गरज लेखात उतरल्यानंतरचा; दुसरा, ती लेखात उतरण्यापूर्वीचा. पहिल्या भागासाठी तक्ते आहेत, साधने आहेत, तपासनीस आहेत. खरी अडचण दुसऱ्या भागात आहे, असा त्यांचा निष्कर्ष. ही गरज कोणाच्या तोंडून आली, कोणत्या प्रसंगातून आली, कोणत्या समजुतीवर उभी आहे, हे कोणी लिहूनच ठेवीत नाही. लेखात उतरताच गरज जणू स्वयंभू होते. शेंदूर लागला की दगडाला कोणी विचारीत नाही की तू कोणत्या खाणीतला.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आकाशात घडले. ४ जून १९९६ रोजी युरोपच्या ‘एरियान-५’ या नव्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फ्रेंच गियानातील कुरू येथून झाले, आणि सुमारे चाळीस सेकंदांत तो आकाशातच उद्ध्वस्त झाला. कारण शोधता शोधता चौकशी मंडळ दिशा दाखविणाऱ्या उपकरणाच्या आज्ञावलीपर्यंत पोहोचले. ती आज्ञावली आधीच्या ‘एरियान-४’वरून जशीच्या तशी उचललेली होती. तिच्यात उड्डाणापूर्वी उपकरण जुळवून घेण्याचे एक काम होते, ते उड्डाणानंतरही चाळीसएक सेकंद चालूच राही. तसे का? तर जुन्या बाणाच्या वेळी उलटी मोजणी मध्येच थांबली तर सर्व पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागू नये म्हणून. नव्या बाणाला ही गरजच नव्हती. गरज मेली, पण तिची आज्ञावली जिवंत राहिली. नवा बाण अधिक वेगाने आडवा सरकतो. त्यामुळे एक आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावेना, मुख्य उपकरण बंद पडले, आणि जे राखीव म्हणून ठेवले होते तेही त्याच आज्ञावलीवर चालत असल्यामुळे त्याच कारणाने आधीच बंद पडलेले होते.

परंतु आमच्या दृष्टीने या अहवालातील सर्वांत बोलका भाग याहून निराळा आहे. असे धोक्याचे आकडे सात होते. चारांना संरक्षण दिलेले होते, तिघांना दिलेले नव्हते. हा निर्णय विचारपूर्वक, सर्वांच्या संमतीने झाला होता. हे आकडे तेवढे मोठे होणारच नाहीत अशी समजूत त्यामागे होती, आणि जुन्या बाणापुरती ती खरीही होती. पण ही समजूत आज्ञावलीत कोठेही लिहिलेली आढळली नाही. कागदांच्या ढिगात ती दडून गेली होती, मुद्दाम कोणी दडविली नव्हती. ज्यांनी निर्णय घेतला ते शहाणे होते. ज्यांनी पुढे तो वापरला तेही शहाणे होते. दोघांमधली शीव ओलांडताना माग तेवढा तुटला.

आता आकाशातून जमिनीवर येऊ. २८ जून २०१७ च्या शासन निर्णयाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना सुरू झाली. दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जाची माफी, आणि ती देताना कुटुंब हा एकक धरलेला : पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले. अर्ज संगणकावर भरायचे होते. त्या पावसाळ्यात सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा आपण पाहिल्या आहेत, पुष्कळांनी त्या रांगेत रात्रीही काढल्या आहेत. ‘ग्रीन लिस्ट’ हा इंग्रजी शब्द त्या वर्षी वाशीम जिल्ह्यातल्या आजीबाईंनाही पाठ झाला. पुढे नियम बदलत गेले. २०१८ मध्ये २००१ ते २००९ या काळातील थकबाकीदारही योजनेत आले. नंतर २७ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. तिच्यात मर्यादा दोन लाखांची, अर्ज भरण्याचे काम नाही, याद्या गावात लावायच्या आणि शेतकऱ्याने आधार देऊन खात्री पटवायची. आणि एकक कुटुंब नव्हे तर वैयक्तिक शेतकरी.

राजकारण्यांनी या योजनांवर पुष्कळ भांडून घेतले आहे. त्यात आम्हांला शिरायचे नाही. आम्ही कारागिराच्या नजरेने एकच गोष्ट दाखवितो. ‘कुटुंब’ हा शब्द शासन निर्णयात एक-दोन ओळींत बसतो. पण यंत्रणेत तो किती ठिकाणी पसरतो पाहा. अर्जाच्या नमुन्यात बायकोमुलांचे रकाने येतात. दोन खात्यांची बेरीज करून दीड लाखाशी ताडून पाहावी लागते. नवरा एका बँकेत आणि बायको दुसऱ्या बँकेत असेल तर दोन बँकांची माहिती एकत्र आणावी लागते. वगळण्याच्या अटी घरातील प्रत्येकाला लावून पाहाव्या लागतात. उद्या कोणी म्हणाले की ‘कुटुंब’ काढा, ‘व्यक्ती’ घाला, तर कोठे कोठे हात घालावा लागेल? ज्याच्याजवळ माग आहे तो घटकाभरात यादी देईल. ज्याच्याजवळ नाही तो अंधारात चाचपडेल, आणि एखाद्या कोपऱ्यात जुने ‘कुटुंब’ राहून जाईल. त्या कोपऱ्यात ज्याचा अर्ज अडकेल त्याला कोणी सांगू शकणार नाही की तो का अडकला.

गंमत अशी की, आपले सरकारी कागद या बाबतीत संगणकापेक्षा शिस्तीचे आहेत. कोणताही शासन निर्णय उघडा. वरच्या भागात ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या निर्णयांची क्रमवार यादी असते, आणि तळाशी त्या निर्णयाचा स्वतःचा संगणक संकेतांक असतो. म्हणजे मागचा धागा हातात आहे, पुढच्यासाठी खुंटी ठोकलेली आहे. माग तुटतो तो त्यानंतर. निर्णयाचा संकेतांक आज्ञावलीच्या दारापर्यंत येतो आणि तिथेच जोडे काढून बाहेर उभा राहतो.

दुसऱ्यांचे दोष सांगून झाले; आता आमचा स्वतःचा एक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कचेरीसाठी मदतीच्या अर्जांची यंत्रणा आम्ही केली. गरजांच्या लेखात एकतिसावी गरज अशी होती की एकाच माणसाचे दोन अर्ज स्वीकारू नयेत. अगदी वाजवी गरज. आम्ही पूर्वी एका शहरातल्या कामासाठी अशीच तपासणी लिहिली होती : नाव, वडिलांचे नाव आणि गाव सारखे असेल तर दुसरा अर्ज बाद. ती आम्ही उचलून इथे लावली. तक्त्यात एकतिसाव्या ओळीपुढे खूण झाली, चाचणी उत्तीर्ण झाली, तपासनीस आले, त्यांनी तक्ता पाहिला आणि मान डोलाविली. मानकाप्रमाणे सारे यथासांग होते.

मग एक दिवस एका तांड्यावरचे म्हातारे गृहस्थ कचेरीत आले. आडनाव राठोड. त्यांच्या तांड्यात त्याच नावाचे, त्याच बापाच्या नावाचे आणखी एक राठोड होते, दूरचे भाऊबंद. त्यांचा अर्ज आधी आला, यांचा बाद झाला. म्हातारे म्हणाले, “साहेब, त्याचं नाव अन् माहं नाव एकच हाय, पण माणसं तं दोन हावो ना आमी! हे एक हाय असं कोनं सांगतलं?”

कोणी सांगितले! आम्ही लेख उघडला. एकतिसावी गरज तिथे होती. तिच्यापुढे आज्ञावलीचा क्रमांक होता, चाचणीचा क्रमांक होता. पण नाव, बापाचे नाव आणि गाव एवढ्यावरून माणूस ओळखावा असे कोणी म्हटले होते, याचा मात्र कुठेही उल्लेख नव्हता, कारण तसे कोणी म्हटलेच नव्हते. शहरातल्या त्या कामात घर क्रमांकही नोंदलेला असे, त्यामुळे चूक झाली तरी सावरून घेता येई; तांड्यावर घरांना क्रमांक कुठला? ज्या तांड्यात राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे एवढ्याच आडनावांत सारी वस्ती आणि आज्याचे नाव नातवाला, तिथे ती तपासणी म्हणजे बाद करण्याचे यंत्रच झाली. ‘एरियान’च्या आज्ञावलीहून आमची तपासणी काही निराळी नव्हती. आम्ही ती दुरुस्त केली. पण आधी बाद झालेल्यांपैकी किती जण पुन्हा आले आणि किती जण नशिबाला बोल लावून घरी बसले, हे आम्हांला कधीच कळले नाही. तक्ता पूर्ण होता आणि माग नव्हता. हा धडा आम्हांला कोणत्याही मानकाने शिकविला नाही, त्या म्हाताऱ्यांनी शिकविला.

यावर आमचे तरुण मित्र आक्षेप घेतात, तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, हा सारा कागदी खटाटोप आहे. २००१ मध्ये जो चपळ पद्धतीचा जाहीरनामा निघाला त्याने सांगितलेच आहे की भाराभर कागदांपेक्षा चालते सॉफ्टवेअर मोलाचे. तुम्ही गरजांना क्रमांक देत बसाल, तोवर गरजच बदलेल. आणि हे तक्ते खरोखर कोण भरतो? तपासणीच्या आदल्या रात्री जागून भरतात.

हे खरे आहे. आदल्या रात्री जागणाऱ्यांत आम्हीही होतो. पायऱ्यापायऱ्यांची जी योग्यतेची शिडी १९९१ पासून या व्यवसायात रूढ झाली, तिच्या पाचव्या पायरीवर भारतीय संस्थांची मोठी गर्दी होती, आणि तिच्या पुढच्या आवृत्तीत गरजांचा दुतर्फा माग ठेवावा हे स्पष्ट सांगितले होते. किती ठिकाणी तो काम करता करता ठेवला आणि किती ठिकाणी मागाहून रंगविला, हे ज्याचे त्याला ठाऊक. पण यावरून माग नको असे ठरत नाही; माग कामाच्या ओघात पडला पाहिजे, एवढेच ठरते. चालणाऱ्याचे पाऊल चालतानाच उमटते. मागाहून येऊन कोणी पावले कोरीत नाही, आणि कोरली तर जाणत्याला ती ओळखू येतात. शिवाय सर्वच गोष्टींचा सारखा माग ठेवण्याची आवश्यकता नाही. पडद्यावरचे बटण निळे की हिरवे, याचा इतिहास नसला तरी कोणाचे अडत नाही. ज्या अटीने कोणाला काही मिळते किंवा नाकारले जाते, त्या अटीपुढे मात्र तीन गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत : हे कोणी सांगितले, कशाच्या आधारे सांगितले, आणि काय गृहीत धरून सांगितले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आधार तसाच राहतो, पण गृहीत बदलते. आणि गृहीत बदलले की जुनी अट खोटी पडते.

आता आम्ही हा विषय पोहरादेवीलाच का मांडला, ते सांगून संपवितो.

इथे जमलेल्या समाजाला माग म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. त्याने तो फार भोगला आहे. विमुक्त म्हणविणाऱ्या कितीतरी जमातींचा माग १९५२ पूर्वी सरकारच काढीत असे, हजेरी घेऊन. आज उलट झाले आहे. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या मुलाला जातीचा दाखला आणि त्याची वैधता हवी असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो. ज्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख तुडवीत होता, त्याने कागद कुठून आणावा? मग शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधा, कोतवाल बुक शोधा, जुने हक्कनोंदीचे उतारे शोधा. एखाद्या जीर्ण पानावर आज्याचे नाव आणि त्यापुढे जात सापडली की घरात दिवाळी. राज्याच्या कायद्याने पुराव्याचा भार मागणाऱ्यावरच टाकला आहे. म्हणजे नागरिकाने आपला माग साठ-साठ वर्षे मागे दाखविला पाहिजे, मध्ये एक पिढी तुटली तरी चालणार नाही. ही अट योग्य की अयोग्य, हा आजचा वाद नव्हे. खोटे दाखले होतात, म्हणून पडताळणी लागते, हे आम्हांलाही कळते.

परंतु जो न्याय माणसाला, तोच यंत्राला लावा, एवढे आमचे मागणे आहे. ज्या यंत्रणेपुढे नागरिक आपल्या आज्याचा माग घेऊन उभा राहतो, तिने त्याला नाकारले तर तिनेही आपल्या नकाराचा माग दाखविला पाहिजे. कोणत्या अटीने नाकारले, ती अट कोणत्या निर्णयाच्या कोणत्या परिच्छेदातून आली, आणि आमची कोणती माहिती तिला लावून पाहिली. हे काही नवे मागणे नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात, आपल्या निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत असे सरकारी कार्यालयांवर बंधन आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमातही, अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी द्यावे असे आहे. कायदा आहे, परंतु ‘माहिती जुळत नाही’ एवढे तीन शब्द पडद्यावर दाखविणे म्हणजे कारण देणे नव्हे. कोणती माहिती, कशाशी, आणि कोणाच्या हुकमाने जुळवून पाहिली, हे सांगितले तर ते कारण.

आमच्या व्यवसायबंधूंना सांगावेसे वाटते की मानके वाचा, ती उपयोगी आहेत; पण तक्त्याची शेवटची ओळ चाचणीशी संपवू नका. ती त्या खिडकीपर्यंत न्या जिथे नाकारलेला माणूस उभा आहे, आणि पहिली ओळ त्या माणसापासून सुरू करा ज्याने मागणी केली. आणि तुम्हां श्रोत्यांना सांगावेसे वाटते की संगणकाने सांगितले म्हणून परत फिरू नका. संगणक काही सांगत नाही. कोणीतरी त्याला सांगून ठेवलेले असते. खिडकीवर उभे राहून त्या म्हाताऱ्या बाबांचा प्रश्न विचारा : हे कोणी सांगितले? उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. दहा जणांनी विचारले तर त्रास होईल, हजारांनी विचारले तर पुढची यंत्रणा बांधणारा ते उत्तर आधीच लिहून ठेवील.